लहान पोराला घेऊन ग्वाल्हेरला येताय? मग असं या

ग्वाल्हेर म्हणजे आग्र्याहून झाशीकडे जाताना मधे उतरायचं, सकाळी किल्ला, दुपारी राजवाडा आणि संध्याकाळची गाडी पकडायची, असा बहुतेकांचा हिशोब असतो. नुसते मोठे असाल तर जमतंही ते. पण सोबत चार वर्षांचं पोर असेल ना तर दुपारी दोनच्या सुमारास कुठल्यातरी दगडी अंगणात ते फतकल मारून बसतं, मग बाबा एकीकडे बघतात, आई दुसरीकडे, आणि आजी म्हणतात मी आधीच सांगत होते. आम्ही पडलो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, पुण्या-मुंबईकडचे भाचे-पुतणे बायकापोरांसकट येत असतात, त्यामुळे हे नाटक आम्हाला पाठ आहे. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

दोन रात्री तरी राहा, तीन जमल्या तर उत्तम. आणि रोज सकाळी मोठी जागा एकच. दुपारी जेवून झोप, संध्याकाळी काहीतरी हलकंफुलकं, बास. आपल्या गावाचं एक बरं आहे, इथे लहान मुलाला शोधायला आणि मोजायला भरपूर सापडतं. भिंतीवरची बदकं, चांदीची आगगाडी, दगडात कोरलेला शून्य, चिंचेचा पाला. त्याला मानसिंह तोमर कोण आणि कितव्या शतकात होता हे सांगायला गेलात तर पाच मिनिटांत "घरी कधी जायचं" सुरू होईल. त्याऐवजी "भिंतीवर बदकं आहेत म्हणे, तुला दिसतात का बघ" म्हणा, मग तोच तुम्हाला ओढत नेतो आणि त्याच्या मागे मागे तुमचंही सगळं बघून होतं.

कधी यायचं

मे महिन्यात येऊ नका. माहितीये सुट्टी तेव्हाच असते, पण इथे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि किल्ला म्हणजे उघडा दगडी डोंगर, सावली शोधावी लागते, तिथे लहान मुलाला नेणं म्हणजे निव्वळ हट्ट. दिवाळीची सुट्टी सगळ्यात चांगली, ऑक्टोबर संपता संपता ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी ते अर्धा मार्च. डिसेंबर-जानेवारीत पण येतात लोक आणि मजाही असते, पण मुंबईकरांनो, इथली थंडी ही थंडी असते, एका स्वेटरवर भागत नाही. कानटोपी, मोजे, आतून थर्मल, सगळं लागतं. शिवाय धुकं पडलं की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या चार-चार तास लेट, तेव्हा त्या दिवसांत परतीची गाडी आणि पुढचं विमान यांच्यात भरपूर वेळ ठेवा.

हिवाळ्यात यायचं मोठं कारण म्हणजे मेळा. १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांच्या काळात सुरू झालेला हा व्यापार मेळा, डिसेंबरच्या शेवटी-जानेवारीत उघडतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. मोठ्यांना तिथे गाड्या, फ्रीज, रजया, लोणची, काय वाट्टेल ते, आणि मुलांना पाळणे, आगगाडी, खेळणी आणि सॉफ्टी. मेळ्यात जायचं तर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी जा, आठच्या आत बाहेर पडा, त्यानंतर गर्दी वाढते. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि रविवार टाळा. डिसेंबरमध्येच तानसेन समारोह असतो, त्याचं पुढे सांगते.

गाडी आणि मुक्काम

पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल, सगळ्या ग्वाल्हेरला थांबतात. वीस-बावीस तासांचा प्रवास धरा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, पण रात्रभर एका बर्थवर आई आणि लाथा मारणारं पोर म्हणजे पहिला दिवस झोपेत वाया, म्हणून परवडत असेल तर त्याचं पूर्ण तिकीट काढून बर्थ घ्याच. एवढा प्रवास नको असेल तर दिल्लीपर्यंत विमान आणि तिथून शताब्दी किंवा गतिमान, सव्वातीन-साडेतीन तासांत ग्वाल्हेर. शताब्दी नवी दिल्लीहून भल्या पहाटे सुटते, गतिमान निजामुद्दीनहून सुटते आणि जरा माणसाच्या वेळेला सुटते, पोर सोबत असताना मी तर गतिमानच सांगेन.

राहायला पडाव, फूलबाग किंवा सिटी सेंटरच्या बाजूला हॉटेल बघा. बाड्याजवळ, म्हणजे महाराज बाडा हो, गावातला जुना मोठा चौक, आमच्याकडे नुसतं बाडा म्हणतात, तिथे जुन्या गल्ल्यांत स्वस्त खोल्या मिळतात पण हॉर्नचा आवाज पहाटेपासून सुरू, दुपारची झोप विसरा. हॉटेल बुक करताना बाकी काही विचारा नका विचारू, लिफ्ट आहे का, खोलीत किटली आहे का आणि सकाळी सातला गरम पाणी येतं का, हे तीन प्रश्न फोन करून विचारा. फोटोंवर जाऊ नका.

फिरायला ऑटो आणि ई-रिक्षा ठिकठिकाणी मिळतात, आधी भाव ठरवायचा. पण किल्ल्याच्या दिवशी मात्र अख्ख्या सकाळसाठी गाडी किंवा ऑटो ठरवून टाका, का ते आता सांगते.

किल्ला, आणि तो उलटा कसा बघायचा

किल्ल्यावर जायला दोन रस्ते. एक पश्चिमेकडून उरवाई गेट, तिथून गाडी थेट वर जाते. दुसरा पूर्वेकडून, किलागेटपासून, तो पायी चढायचा, फरसबंदी आहे पण चढ चांगलाच खडा. बरेच जण पुस्तकात वाचून येतात की जुना राजरस्ता तोच, म्हणून तिथूनच चढायचं. मुलाला घेऊन अजिबात चढू नका, निम्म्यात कडेवर घ्यावं लागेल. तुम्ही गाडीने उरवाईकडून वर जा, वरचं सगळं बघा, आणि हाथी पोलमधून चालत खाली किलागेटला उतरा. ऑटोवाल्याला सांगून ठेवा की भैया, हमको उधर किलागेट पे मिलना. उताराला मुलं स्वतः पळतात, आणि सगळ्यात गमतीच्या गोष्टी नेमक्या ह्याच रस्त्यावर आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना मात्र गाडीतूनच परत पाठवा, ते खाली भेटतील.

सकाळी आठ-साडेआठला उरवाईला पोचा. तिथे वर जाताना दोन्ही बाजूंच्या कातळात जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्यात, पंधराव्या शतकातल्या, सगळ्यात मोठी तर ५० फुटांच्याही वर आहे. गाडी थांबवून उतरा. मुलाला मूर्तीच्या पायाशी उभं करा आणि म्हणा, तू हिच्या कुठपर्यंत येतोस? पावलाच्या जरा वर जेमतेम येतं पोर. ह्या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं जातात, मग बाबाची उंची, मग आजोबांची.

वर गेल्यावर थेट मानमंदिरात जा, बाकी नंतर. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं पण १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. मानसिंह तोमर राजाने हा महाल बांधला, तो १४८६ ते १५१६ राज्यावर होता, आणि बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकत्या फरशा बसवल्यात, पाचशे वर्षं झाली तरी रंग अजून तसेच. त्यात पिवळ्या बदकांची रांगच्या रांग आहे. शिवाय हत्ती, वाघ, मगरी आणि केळीची झाडं. मुलाला सगळी नावं सांगून टाकू नका, एकेक शोधू द्या. बदकं पटकन दिसतात, मगरीला वेळ लागतो, आणि मोठ्यांना ती बहुतेक शेवटीच सापडते. दक्षिणेकडची भिंत सगळ्यात चांगली, सकाळच्या उन्हात रंग छान दिसतात.

महालात आत गेलात की तळघरात उतरायचा अरुंद जिना आहे. खाली गोल खोली, वर लोखंडी कड्या, गाइड सांगतात की राण्यांचे झोपाळे टांगायचे. आणि भिंतीत भोकं आहेत, त्यातून वरच्या मजल्यावर बोललेलं ऐकू यायचं म्हणे, मुलांना हा टेलिफोन भयंकर आवडतो. मोबाईलचा टॉर्च लावा, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, वटवाघळांचा वास येतो, अंधाराला घाबरणारं मूल असेल तर जाऊच नका, वरच्या चौकातल्या जाळ्या आणि नक्षीचे मोर बघत बसा. आणि गाइड करणार असाल तर एक गोष्ट आधीच त्याच्या कानात सांगा. मोगलांच्या काळात ही जागा कैदखाना होती, औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, ह्याच किल्ल्यावर मारवलं, वर जौहर कुंडाची गोष्ट, आणि हे सगळं गाइड लोक फार रंगवून सांगतात. "भैया, बच्चा साथ में है, मार-काट की बात रहने दो" एवढं म्हटलं की समजतात बिचारे.

स्ट्रोलर आणू नका. दगड, पायऱ्या, उंबरठे, कुठेच चालत नाही, उलट तुम्हालाच ती उचलावी लागते. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर पोटाशी बांधायची पिशवी आणा. आणि तटाच्या कडेला काही ठिकाणी कठडा फार कमी उंचीचा आहे, खाली सरळ कडा, तेव्हा फोटो काढताना एकाने फक्त मुलाचा हात धरायचा, दुसरं काही करायचं नाही.

मानमंदिरानंतर मुलाला भूक लागते, तर दाता बंदी छोड गुरुद्वारात जा. किल्ल्यावरच आहे, स्वच्छ, शांत, पाण्याची सोय, टॉयलेटची सोय, आणि लंगर. इथली गोष्ट मुलांना नक्की सांगा. जहांगीर बादशहाने गुरू हरगोविंदजींना इथे कैदेत ठेवलं होतं, सोडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले माझ्याबरोबरचे राजेही सुटले पाहिजेत, बादशहा म्हणाला जेवढे तुमचा अंगरखा धरून बाहेर येतील तेवढे सोडतो. मग गुरूंनी ५२ गोंडे लावलेला अंगरखा शिवून घेतला आणि एकेक गोंडा धरून ५२ राजे बाहेर आले. ह्यानंतर अर्धा तास तुमची ओढणी कोणीतरी मागून धरून चालणार हे गृहीत धरा. डोकं झाकायला मुलासाठी मोठा रुमाल ठेवा. लंगरची डाळ-पोळी मुलं मुकाट खातात, घरी नाटकं करणारी सुद्धा.

तेली का मंदिर आणि सहस्रबाहूची देवळं, ज्यांना सगळे सास-बहू म्हणतात, ती मोकळ्या हिरवळीत आहेत. तेली का मंदिर शंभर फुटांच्या आसपास उंच, लांबून बघितलं तरी चालतं. मूल दमलं असेल तर गाडीतून एक चक्कर आणि पुढे. सगळं बघितलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय.

आता उतार. हाथी पोलमधून बाहेर पडताना मुलाला सांगा की इथे पूर्वी खराखुरा वाटावा एवढा मोठा दगडी हत्ती होता, म्हणून दरवाजाला हे नाव. मग उतरत जायचं, आणि वाटेत कातळात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. मोठ्या माणसांनी सुद्धा चुकवू नये असं, आणि तरी निम्मे लोक समोरून निघून जातात. इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे आत, देवळाच्या बागेचं माप दिलंय, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या असं लिहिलंय. त्या २७० मधला आणि ५० मधला शून्य आजच्यासारखाच छोटा गोल आहे, जगभरातले गणिताचे लोक एवढ्यासाठी इथे येतात. कधीकधी जाळीला कुलूप असतं, बाजूला पहारेकरी असतो, त्याला नीट विचारलं तर उघडून दाखवतो. आकडे शिकत असलेलं मूल असेल तर त्याच्या वहीत तो शून्य काढून घ्या. शिशूवर्गातल्या पोराला स्वतःला येणारा आकडा हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर दिसला की चेहरा बघण्यासारखा होतो, आणि हो, पुढचे दोन दिवस त्याला जिथे तिथे शून्यच दिसतो, बांगडीत, चाकात, जिलबीत.

खाली पोचलात की गुजरी महाल. मृगनयनीची दंतकथा इथे बसून सांगायची. दोन म्हशींची झुंज लागलेली, सगळे पळाले, आणि एका गुजर मुलीने, तीच मृगनयनी, शिंगं धरून त्यांना वेगळं केलं, मानसिंह राजाने ते बघितलं आणि लग्नाचं विचारलं, तर ती म्हणाली मला माझ्या राई गावच्याच नदीचं पाणी लागतं, ते इथपर्यंत आण. आणि राजाने आणलं की! आता तिथे म्युझियम आहे, मूर्ती खूप आहेत, पण तोपर्यंत अकरा-साडेअकरा झालेले असतात आणि मुलाची बॅटरी संपत आलेली असते. ग्यारसपूरची शालभंजिका, ती प्रसिद्ध दगडी स्त्रीमूर्ती, बघायची असेल तर एकाने पटकन आत जाऊन यावं, ती कुलपात असते, सांगून उघडून घ्यावी लागते. दुसऱ्याने बाहेर सावलीत बसावं. मग घरी, म्हणजे हॉटेलवर, जेवण आणि झोप.

संध्याकाळी मानमंदिरासमोर लाइट अँड साउंड शो असतो, हिंदी शोला आवाज अमिताभ बच्चनचा. छान आहे. पण अंधार, उघड्यावर बसणं, थंडी, आणि सकाळी तोच किल्ला चालून आलेलं मूल... सहाच्या खालच्यांना नेऊ नका, आजी-आजोबा आणि मोठी मुलं जाऊ देत, एक पालक घरी थांबा.

राजवाडा

जयविलास पॅलेस दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्यातून एक दिवस बंद असतो, निघायच्या आधी फोन करून विचारा, तिकीट जरा महाग आहे. जयाजीराव शिंदे महाराजांनी १८७४ मध्ये बांधला, मायकल फिलोज नावाच्या साहेबाने आराखडा केला. खोल्या मात्र खूप आहेत, आणि सगळीकडे "हात लावू नका", तीन वर्षांच्या मुलाला दीड तास हात न लावता फिरवणं काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून इथे क्रम उलटा ठेवायचा नाही, इथे लालूच शेवटी ठेवायची. आत शिरतानाच सांगा की शेवटी चांदीची आगगाडी आहे.

आणि ती आहेच. मोठ्या जेवणाच्या टेबलावर रूळ टाकलेत, त्यावर चांदीचं इंजिन आणि डबे, डब्यांवर शिंद्यांच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर. जेवणं झाली की ही गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची, डब्यांत ब्रँडी आणि सिगार, आणि कोणी बाटली उचलली की गाडी आपोआप थांबायची, परत ठेवली की चालू. मुलाला सरबत म्हणून सांगा. वरच्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, एकेकाचं वजन साडेतीन टन, आणि ती टांगायच्या आधी छत तेवढं पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते. आठ हत्ती की दहा, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं, पण हत्ती छतावर चढले कसे हा प्रश्न मूल विचारतंच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मातीचा लांबलचक उतार बांधला होता असं आमच्याकडे सांगतात. काचेचे कठडे असलेला जिना आहे, त्याच्याजवळ मात्र मुलाला उचलूनच घ्या.

वाटेत भुसा भरलेले वाघ आहेत, त्याला काही मुलं घाबरतात, काही हलायलाच तयार नसतात. पालख्या आणि बग्ग्या सगळ्यांना आवडतात. २०२२ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची नवी गॅलरी उघडलीय, आपल्या लोकांना तिथे वेळ काढावासा वाटतो, तर आळीपाळीने बघा. बाहेर पडल्यावर बागेत मुलाला पळू द्या, दीड तासाचं "हात लावू नको" उतरवायला पाहिजे ना कुठेतरी.

संध्याकाळी कुठे

तानसेनची कबर हजिऱ्याला आहे, किलागेटपासून जवळच, हिरवळ चांगली आहे आणि जागा शांत. मोठी इमारत मुहम्मद गौस या सूफी संतांच्या कबरीची, तिच्या दगडी जाळ्या बघाच, कापडावर विणल्यात असं वाटतं. तानसेनची त्यामानाने छोटीशी, शेजारी चिंचेचं झाड. त्याचा पाला खाल्ला की आवाज गोड होतो अशी समजूत, मोठमोठे गवई येऊन खाऊन गेलेत म्हणे. मुलाला एक पान द्या, आंबट तोंड करेल, मग त्याला तिथेच गाणं म्हणायला सांगा. खाली पडलेलं किंवा हाताशी आलेलं एखादं पान पुरे, फांद्या ओरबाडू नका, झाडाची आधीच दैना झालेली आहे. डिसेंबरमधला तानसेन समारोह १९२४ पासून चालू आहे, मोठमोठे कलाकार येतात आणि ऐकायला पैसे लागत नाहीत, पण मुलासोबत मागच्या बाजूला बसा म्हणजे उठून जाता येतं. एखादा ख्याल ऐकून झोपलं पोर तर झोपू द्या, शाल असली की झालं.

फूलबागेला गांधी प्राणी उद्यान आहे, पांढरे वाघ आहेत, लहान मुलांसाठी मापात बसेल एवढंच मोठं, तासाभरात होतं. तिथून जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि घोड्यावरचा पुतळा. १८५८ च्या जूनमध्ये त्या इथेच लढता लढता पडल्या. झाशीची राणी माहीत नाही असं मराठी घरातलं मूल विरळाच, आणि तरी ती गोष्ट कुठे संपली हे बहुतेकांना इथे आल्यावरच कळतं. इथे मी स्वतः मुलांना गोष्ट पूर्ण सांगते, गुळमुळीत करत नाही, पाच वर्षांच्या मुलाला झेपते ती. तुमचं तुम्ही ठरवा.

आणि नुसतं पळायला हवं असेल तर मुरारकडचं सूर्यमंदिर, १९८८ मध्ये बिर्लांनी कोणार्कच्या धर्तीवर बांधलेलं. रथाचे सात घोडे मोजायचे, चाकं मोजायची आणि बागेत लोळायचं. मोठ्यांना फार काही नाही तिथे.

बाड्यावर एक संध्याकाळ पाहिजेच. टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, एकेक इमारत वेगळ्या थाटाची, संध्याकाळी दिवे लागले की छान दिसतं. लहान मुलाला उचलून घ्या किंवा घट्ट धरा, टू-व्हीलर कुठूनही येतात. जवळच गोरखी, शिंद्यांचं देवघर. गणपतीत आलात तर लष्करात पुण्याची आठवण येईल इतके गणपती, आणि आरत्या आपल्याच.

खाणं

सकाळी इथे बेडई खातात, डाळीचं सारण भरलेली फुगलेली पुरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी, सोबत जिलबी. मुलाला भाजीशिवाय नुसती बेडई आणि दही द्या, पण सारणात सुद्धा मसाला असतो, आधी तुम्ही चाखा. नया बाजारात बहादुराचे लाडू, साजूक तुपातले बुंदीचे, गरम असताना खायचे, ते मात्र मूल कोणाला विचारणार नाही. दुपारी साधी डाळ खिचडी किंवा दही-भात हॉटेलवाले करून देतात, फक्त "मिर्च बिल्कुल नहीं" हे दोनदा सांगायचं, एकदा सांगितलं की थोडी घालतातच. भात आपल्यासारखा मऊ मागायचा तर "ज़रा गीला" म्हणा. कचोऱ्या, मंगोडे तुमच्यासाठी. हिवाळ्यात गजक, मुरैना-ग्वाल्हेरची, तीळ-गुळाची, खुसखुशीत, जिभेवर विरघळते. पण तीन वर्षांच्या आतल्याला मोठा तुकडा देऊ नका, चुरून द्या, आणि काजू-शेंगदाण्याच्या वेगळ्या गजक असतात, अॅलर्जी असेल तर विचारून घ्या. पाणी बाटलीचं, ORS ची दोन पाकिटं पर्समध्ये, केळी कुठेही मिळतात.

तिसरा दिवस असेल तर

मुरैन्याच्या बाजूला देवरीचं घडियाल, म्हणजे लांब तोंडाच्या मगरींचं, केंद्र आहे, आग्रा रोडवरच. चंबळच्या काठावरून अंडी आणून इथे पिल्लं वाढवतात आणि मोठी झाली की परत नदीत सोडतात. सुईसारख्या तोंडाची पिल्लं टाक्यांत एकावर एक पडलेली असतात. किल्ल्यावरच्या मगरीनंतर हे दाखवलं तर मुलाला जाम आवडतं. गाडी करूनच जावं लागतं, सोबत मितावलीचं गोल चौसष्ट योगिनी मंदिरही बघून होतं, टेकडीवर शंभरेक पायऱ्या चढून, गोलात पळायला मस्त, आणि ६४ खोल्या मोजायला कुणाला तरी कामाला लावता येतं. बटेश्वरची देवळं त्याच बाजूला, दोनशेच्या आसपास लहान-मोठी, पडझड झालेली पुरातत्त्व खात्याने दगड जुळवून परत उभी केली. तिन्ही एका दिवसात मोठ्यांनाच झेपतं, मुलासोबत देवरी आणि मितावली पुरे, आणि पाणी-खाणं शहरातूनच भरून घ्या, वाटेत धड काही मिळत नाही.

परतीची गाडी बहुतेक वेळा अडनिड्या वेळेला असते, तर हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच लेट चेकआउटचं विचारून ठेवा, अर्ध्या दिवसाचे पैसे घेतात पण मुलाची झोप स्टेशनच्या बाकावर होण्यापेक्षा परवडलं. गजक स्टेशनवर घेऊ नका, बाड्यावरून किंवा नया बाजारातून घ्या, डबा घट्ट बांधून मागा, आणि तो डबा मुलाच्या नजरेआड वरच्या बॅगेत टाका, नाहीतर झाशी यायच्या आत संपतो.